सभाघरात सांगितलेली तारीख

पैसे बँकेत ठेवून यायला माएरे आणि तिच्या आईला अख्खी सकाळ लागली. ते कुठे आहेत, किती दिवसांसाठी आहेत आणि कधी सुटणार आहेत हे बेटावरच्या सगळ्या एइता गावाला कळायला मात्र रविवारचं एक जेवण पुरलं. आणि ते कळवलं माएरेनंच, उभं राहून, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

पण आधी पैशांचं सांगायला हवं.

माएरेचा बाप बारानिको एकोणीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर इंजिनखान्यात कामाला होता. वर्षातले दहा महिने तो पाण्यावर आणि उरलेले दोन महिने घरी. माएरेला त्याचं हसणं फोनवरूनच जास्त ठाऊक. एका बंदराला बोट लागायला दोन दिवस असताना इंजिनखान्यातच त्याचं हृदय थांबलं. कंपनीनं आधी त्याचं शव घरी पाठवलं आणि महिन्याभरानं त्याची पेटी पाठवली. पेटीत तीन सदरे, दाढीचं सामान आणि त्याचे काळे बूट होते. जडशीळ, पुढच्या बाजूला आतून लोखंड बसवलेले, नडगीपर्यंत येणारे. बारानिकोला घराच्या मचाणापलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली पुरलं होतं, वर पांढऱ्या खड्यांची रास. आईनं ते बूट मचाणाखाली ठेवले, तोंड घराकडे करून. समुद्राकडे तोंड करून ठेवले तर ते पुन्हा निघून जातील, असं ती म्हणाली. माएरे हसली नाही.

सहा महिन्यांनी कंपनीकडून भरपाईचे पैसे आले. पाच हजार चारशे डॉलर. एवढ्यात घर होत नाही आणि जन्म निघत नाही, पण माएरेच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट लख्ख उभी राहिली. फिजी. सुवा शहर. तिथलं परिचारिकांचं कॉलेज. शाळेची दोन वर्षं बाकी होती, आणि विज्ञानात ती पहिली यायची. त्या वर्षी शाळेच्या वादविवादात तिनं मोठ्या वर्गातल्या दोन मुलांना असं काही गप्प केलं होतं की तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, आपण तोंड उघडलं की जग जरा सरकून जागा देतं. स्कॉलरशिप मिळेल न मिळेल. पैसे असले तर ती आपल्या बळावर जाणार होती.

तेव्हा प्रश्न एवढाच होता की दोन वर्षं हे पैसे ठेवायचे कुठं.

पहिले चार दिवस ते पत्र्याच्या ट्रंकेत होते, आणि आई ट्रंकेवर बसून होती. मासे साफ करायचे तर ट्रंकेवर बसून, चटई विणायची तर ट्रंकेवर बसून. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "माझी पाठ गेली. आता दुसरं काहीतरी बघू."

मग दोघींनी मचाणावर बसून एकेक वाट चाचपून पाहिली. फ्रीझर घेऊन बर्फ आणि गोठवलेला कुपा मासा विकायचा? शेजारच्या वाडीत एकीनं घेतला होता. वीज जायची तेव्हा तिच्याकडं सगळ्यांना फुकटात मासे मिळायचे आणि सगळे तिचे गुण गायचे. डुकरं पाळायची? डुकराला पाय असतात आणि ते लोकांच्या डोळ्यांसमोर फिरतं. गावच्या बायकांच्या फंडात टाकायचे? आई दोन वर्षं त्या फंडाची खजिनदार होती, त्यामुळे तिनं फक्त डोळे मिटले.

चोराचिलटाची भीती नव्हती तिथं. भीती मागण्याची होती.

आमच्याकडे मागणं ही साधी गोष्ट नाही. नात्यातल्या, गावातल्या माणसानं येऊन, बसून, नीट तोंडानं एखादी वस्तू मागितली आणि ती तुमच्याकडे असली, तर द्यावी लागते. सायकल असो, होडी असो, पिशवीतले शेवटचे तांदूळ असोत. नाही म्हणणारा माणूस गावात राहतो, पण सभाघरात त्याच्या शेजारी बसायला कुणी उत्सुक नसतं. सुटका एकच. ती वस्तू खरोखरच तुमच्याकडे नसणं. म्हणून पैसे ठेवायची जागा शोधताना व्याजाआधी हे बघावं लागतं की तिथून ते आपल्यालाही काढता येऊ नयेत.

बँकेची कल्पना माएरेची. दोन वर्षांची मुदतठेव. बँक होती बाइरिकीला; तिकडच्या बसमध्ये आई पैशांची पिशवी पोटाशी धरून बसली होती आणि गाण्याच्या ढणढणाटात काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक प्रार्थना. बँकेतल्या चष्मेवाल्या बाईनं कागद पुढं केले तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. "मी मधेच आले, इथं बसून रडले, तरी देणार नाही ना?"

"रडलात तर पाणी देईन," बाई म्हणाली. "पैसे दहा मार्चला, दोन वर्षांनी."

आईनं सही केली. परतीच्या बसमध्ये तिनं कितीतरी महिन्यांनी पाय लांब केले.

हे सगळं बुधवारी झालं. रविवारी प्रार्थनेनंतर सभाघरात सगळ्या घरांचं जेवण होतं. भात, उकडलेला नीरफणस, नारळाच्या दुधातला मासा. आपापल्या घराण्याच्या खांबापाशी म्हातारे बसले होते, मागे बायका, त्यांच्या मागे पोरंसोरं. जेवण झाल्यावर गावातले सर्वांत वयस्कर तेबाऊ आजोबा बारानिकोबद्दल चार चांगले शब्द बोलले. त्याच्या घरावर देवाची कृपा राहो, म्हणाले, आणि त्याच्या कष्टाचं जे काही घरी आलं असेल त्यावरही राहो. एवढंच. पण सगळ्या माना हळूच आईकडे वळल्या, आणि आईनं आपली मान खाली घातली.

माएरेला ते बघवलं नाही. ती उभी राहिली. पोरींनी सभाघरात उभं राहायचं नसतं हे तिला माहीत होतं. पण वादविवादाचा कप घरी होता ना.

ती म्हणाली, आजोबा, माफी असावी, पण सगळ्यांनाच सांगते म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही. पैसे बँकेत आहेत. कुलूपबंद आहेत. दोन वर्षांनी दहा मार्चला सुटतील, त्याआधी आईलासुद्धा हात लावता येणार नाही. म्हणून कुणी आईकडे मागू नये, कारण तिला नाही म्हणावं लागेल आणि तिला वाईट वाटेल.

कुणी रागावलं नाही. एक-दोन म्हातारे मान हलवत होते, पोरगी नीट बोलली असं काहीतरी कुजबुजत होते. तेबाऊ आजोबांच्या शेजारच्या म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. आजोबा त्याच्या कानाशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"दहा मार्च," ते म्हणाले.

माएरे खाली बसली. तिचे कान गरम झाले होते आणि तिला वाटत होतं, झालं, जिंकलो. आईकडे बघितलं तर आईचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता.

मंगळवारी शेजारची काटुआमावशी आली. हातात ताटलीभर भाजलेले मासे. बसली, हवापाण्याचं बोलली, बारानिकोच्या खड्यांवरचं एक पान उचलून बाजूला टाकलं. मग आईला म्हणाली, तेरेइया, आत्ता काही नको गं मला. पैसे अडकलेत हे मला माहीत आहे. पण ते सुटतील त्या दिवशी माझ्या थोरल्या पोरीचं धाकटं एक वर्षाचं व्हायला आलेलं असेल, अजून पोटातही नाही म्हणा, पण तोवर होईल. पहिला वाढदिवस, मेजवानी धरली तर दोनशेला जाते. मी आत्ताच मागून ठेवते.

आई म्हणाली, "बरं."

गुरुवारी चर्चच्या गाणाऱ्या मंडळातल्या दोघी आल्या, नव्या कापडासाठी. शनिवारी तेबाऊ आजोबा स्वतः काठी टेकत आले. त्यांना चष्मा हवा होता. दोन वर्षांनी मी असेन नसेन, म्हणाले, पण असलो तर दिसायला हवं. सगळे सभ्य. सगळे हात भरून आले, कुणी नारळ, कुणी नीरेची बाटली. सगळ्यांनी दहा मार्चचं मागितलं, आणि आई सगळ्यांना बरं म्हणाली.

"तू बरं कशी म्हणतेस?" माएरेनं विचारलं. तिचा आवाज फुटत होता. "पैसे अडकलेत हे त्यांनाही ठाऊक आहे."

"अडकलेत म्हणूनच तर." आई चटईची पात दाताखाली धरून बोलत होती. "माझ्याकडे नाहीत, एवढं म्हणायची सोय होती मला. खोटं नव्हतं ते. आता आहेत, आणि कधीपासून आहेत तेही सगळ्यांना पाठ आहे. तू ते सभाघराच्या मधोमध नेऊन ठेवलंस गं."

बोलण्यानं जग सरकतं, हे माएरेला खरं वाटत होतं. ते कुठल्या बाजूला सरकेल हे तिनं बघितलं नव्हतं.

काबुनारेकाका आला तो पुढच्या सोमवारी. तो बारानिकोचा थोरला भाऊ. काठावर जाळं टाकण्यात सगळ्या गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायचा, एक टोक स्वतः धरायचा, दुसरं कुणाकडे तरी द्यायचा, आणि पाण्याकडे असा बघायचा जणू ते त्याच्याशी काही बोलतंय. पण साखरेच्या आजारानं त्याचा डावा पाय वर्षापूर्वी गुडघ्याखाली कापावा लागला होता. तेव्हापासून तो होडीच्या सावलीत बसून लोकांची जाळी सांधायचा. बायको आधीच गेली होती.

तो कुबडी टेकून मचाणाच्या कडेला बसला. माएरेला म्हणाला, ये इकडे, तूही ऐक, आपल्या घरचंच आहे. मग त्यानं सांगितलं की बारानिकोनं त्याला फोनवर कबूल केलं होतं, पुढच्या फेरीचे पैसे आले की दादा तुझ्या होडीला मोटर बसवू. पायानं चालता येत नसलं तरी मोटरच्या होडीत बसता येतं. बाहेरच्या समुद्रात जाता येतं. ती पुढची फेरी झालीच नाही.

"तेरेइया," तो म्हणाला, "बाकीच्यांना कबूल केलेलं दे. मग जे उरेल ते माझं मागणं आहे."

आईचे हात चटईवर थांबले. समोरच्या वाटेनं शाळेतल्या पोरी ओरडत गेल्या. कुणीतरी माएरेला हाक मारली आणि तिनं ओ दिला नाही.

"बरं, भावजी," आई म्हणाली.

तो गेल्यावर माएरे बापाच्या खड्यांशेजारी जाऊन बसली आणि खूप रडली, आणि रडताना तिला सर्वांत जास्त राग याचा येत होता की काका खोटं बोलत नव्हता. फोन आला तेव्हा ती तिथंच होती. बापाचं ते हसणं, दादा तुला आता वल्हं मारायला लावत नाही, हे तिनं कानांनी ऐकलं होतं. काका बरोबर होता. आणि सुवा गेली होती.

आई तिच्याजवळ येऊन बसली. तिनं काही समजावलं नाही. स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, तुझा बाप एकोणीस वर्षं कमावत होता आणि आपल्या घरात एक बरा स्टोव्हसुद्धा नव्हता. माझं त्यावरून रोज भांडण. चर्चचा पत्रा त्याचा, काटुआच्या नवऱ्याचं ऑपरेशन त्याचं, भावजींची होडी त्याची. मला वाटायचं पैसे समुद्रात गेले. मग तो घरी आला तेव्हा, शवपेटीतून, तेव्हा सात दिवस आपल्याकडे चूल पेटवावी लागली नाही. खडक फोडून खड्डा कुणी खणला, मला आजही माहीत नाही. विचारलं नाही मी. कुणी सांगितलं नाही.

"मग मी जाऊ नको का?"

"तसं कुठं म्हटलं मी." आईनं डोळे पुसले. "तू जावंस असं मलाही वाटतं. कसं, ते मला कळत नाही."

खड्यांवर एक खेकडा चढत होता. माएरे त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, माणसाकडे काय काय मागता येतं.

"त्याच्याकडे जे असेल ते."

"काहीही?"

"काहीही. माझ्या चुलतीनं तिच्या भावाकडं त्याचं तान्हं मूल मागितलं होतं, आणि त्यानं दिलं." आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "पण मागितलंस की ते तिथं संपत नाही. उद्या त्या माणसानं काहीही मागितलं, तर तुला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मी जन्मात तीनदाच मागितलंय."

दुसऱ्या दिवशी शाळेआधी माएरे खडकांच्या रांगेआतल्या उथळ समुद्राच्या काठी गेली. ओहोटी होती, वाळू दूरवर उघडी पडली होती. काका होडीच्या सावलीत जाळं पसरून बसला होता, सुई दातात.

"आज शाळा बुडवलीस काय," तो म्हणाला. "बस. ते टोक धर जरा."

तिनं टोक धरलं. मांडी घालून नीट बसली.

"काका, मी मागणं घेऊन आलेय."

तो हसला. "मासा हवाय? माझ्याकडं दुसरं काय आहे."

"तुमचं मागणं," माएरे म्हणाली. "आईकडे घातलेलं. ते मला द्या."

त्याच्या हातातली सुई तशीच राहिली. त्याला कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडे कुणालाच लागला नसता. मागणं देऊन टाकलं की उरणारे पैसे माएरेचे. तो पाण्याकडे बघू लागला. दूर, खडकांच्या रांगेपाशी, दोन माणसं जाळं घेऊन उतरत होती, आणि त्यांच्या चुका त्याला इथून दिसत असणार. त्याचा हात खाली गेला आणि कापलेल्या पायाच्या टोकाशी विसावला, जसा झोपलेल्या मुलावर ठेवावा तसा. माएरेला वाटलं, आता हा रागावेल. रागावला तर बरं होईल.

"घे," तो म्हणाला.

मग पुन्हा जाळं सांधायला लागला.

ती घरी आली तेव्हा आई विहिरीपाशी होती. माएरेनं सांगितलं. आईनं बादली खाली ठेवली.

"दिलं?"

"हो."

"आणि तुझ्याकडं काय मागितलं?"

"काहीच नाही."

आईनं बादली पुन्हा उचलली. मग म्हणाली, "मग आता सांभाळून राहा."

त्या दिवसापासून माएरेचं एक निराळंच आयुष्य सुरू झालं. पैसे बँकेत वाढत होते, सुवा पुन्हा जागच्या जागी होती, आणि तिला त्याचा आनंद होत नव्हता. काकाच्या होडीवरून जाताना ती नजर चुकवायची. आठवड्याभरात तिला ते सहन होईना. एका पहाटे ओहोटीच्या वेळी ती स्वतःच जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, टोक कुठलं धरू.

काकानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "स्कर्ट भिजेल," म्हणाला.

भिजला. पहिल्या दिवशी जाळ्यात ती स्वतःच अडकली. काका काठावर कुबडीवर रेलून ओरडत होता, डावीकडे, अगं तुझी डावी, देवानं दोन दिल्यात त्यातली एक. दुसरं टोक धरायला रोज कुणी ना कुणी मिळायचं, बहुतेकदा काटुआमावशीची मधली पोरगी. हळूहळू माएरेला पाण्याचा रंग कळायला लागला. मुलगी जाळं टाकते म्हणून गावात दोन दिवस बोलणं झालं आणि मग संपलं. मासे निम्मे काकाचे, निम्मे टोक धरणाऱ्यांचे. शाळेत तिच्या केसांना खाऱ्या पाण्याचा वास यायचा आणि पोरी तिला कोळीण म्हणायच्या. तिनं उलट उत्तर दिलं नाही, यावरून तिच्या मैत्रिणींना वाटलं की ती आजारी आहे.

आणि दोन वर्षांत असा एकही दिवस गेला नाही की काकानं घसा खाकरला आणि तिच्या हातातलं जाळं थांबलं नाही. आता मागेल. आज मागेल. तो काय म्हणायचा? "जाळं वाळत घाल." "उद्या भरती उशिरा आहे." एवढंच.

कॉलेजात जागा मिळाली, स्कॉलरशिप मात्र मिळाली नाही. दहा मार्च आला. आई आणि ती बाइरिकीला गेल्या. चष्मेवाली बाई तीच होती. तिनं आईपुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि आई दोन वर्षांपूर्वीचं आठवून हसली, आणि मग ते पाणी तिला खरंच लागलं. आठवड्याभरात सगळ्यांची कबूल केलेली मागणी पुरी झाली. काटुआमावशीच्या नातवाची मेजवानी झाली. गाणाऱ्यांना निळं कापड आलं. तेबाऊ आजोबा होते. चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा माएरेकडे बघितलं आणि म्हणाले, तू मला वाटत होतीस त्याहून काळी आहेस.

उरलेले पैसे आईनं माएरेच्या हातात दिले. तिकीट आणि कॉलेजचं पहिलं वर्ष निघेल एवढे होते, कसेबसे. एका मोटरला पुरतील एवढेही होते.

माएरे ते घेऊन सरळ होडीपाशी गेली. दोन वर्षं तिनं हे बोलणं मनात घोळवलं होतं. ती बसली आणि म्हणाली, काका, तुम्ही दिलेलं मागणं मी परत करते. मोटर घ्या. मी स्कॉलरशिपसाठी पुन्हा अर्ज करीन, पुढच्या वर्षी बघू. बोलताना तिला कळलं की आपण हे मनापासून म्हणतोय, आणि त्यानं हो म्हटलं तर आपण मोडून पडू.

काका पहिल्यांदा तिच्यावर चिडला. "दिलेलं कुणी परत आणून टाकतं का? काय समजतेस मला? भीक घातली होती मी तुला?"

त्यानं सुई जाळ्यात खोचली. राग उतरायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं घसा खाकरला.

"माएरे," तो म्हणाला, "माझं एक मागणं आहे."

ती वाट पाहत राहिली. नाही म्हणता येणार नव्हतं. जाऊ नको म्हणाला तरी.

"बारानिकोचे बूट. मचाणाखाली असतात ते. त्यातला उजवा मला हवा. खडकावर हा एकच पाय उरलाय, तो कापला तर संपलं. डावा मला काय करायचाय, तो तू ने."

ती घरी पळत गेली. मचाणाखालून बूट ओढून काढले. आई वरून बघत होती. तिनं विचारलं नाही, आणि माएरेनं उजवा बूट छातीशी धरलेला पाहून तिला सगळं कळलं, कारण तिचा हात तोंडाकडे गेला आणि तिथंच राहिला.

काकानं बूट घातला. थोडा मोठा होत होता. त्यानं आत नारळाचा काथ्या कोंबला, नाडी घट्ट बांधली, कुबडी घेतली आणि उठून उभा राहिला. होडीभोवती एक फेरी मारली. ओल्या वाळूत एका बुटाची आणि एका कुबडीची खूण उमटत गेली.

"फिटलं," तो म्हणाला. "आता तुझं माझ्याकडं काही नाही आणि माझं तुझ्याकडं काही नाही. जा."

माएरेला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं. तिच्या जागी उद्या जाळं कोण धरणार हे तिनं विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं. काटुआमावशीची मधली पोरगी धरेल काही दिवस. मग तिलाही परीक्षा येतील.

फिजीचं विमान मंगळवारी होतं. आईनं तिच्या ट्रंकेत केवड्याच्या पानांची नवी चटई घातली, सुकवलेले मासे घातले, आणि सगळ्यात खाली डावा बूट. ठेवताना ती क्षणभर थांबली. मग तिनं तो फिरवला आणि तोंड समुद्राच्या बाजूला करून ठेवला.